उन्हावर चालणारी गिरणी

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे, शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर, पिठाची गिरणी किंवा शिवणयंत्र चालवायला दिवसा खात्रीची वीज हवी. त्यासाठी सौरऊर्जेचा हा हिशेब :

● जागा आणि वीज : १ किलोवॉटच्या पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते.

● मोटर : २ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर दीड किलोवॉटहून जास्त वीज घेते, सुरू होताना मात्र काही पट जास्त करंट खेचते. इन्व्हर्टर त्या बेताने निवडावा.

● बॅटरी : दळण दुपारी उरकले, तर लहान बॅटरीवर भागते. खर्च तिथेच वाचतो.

● निगा : पिठाची आणि रस्त्याची धूळ पॅनेलवर बसली की वीज घटते. सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने धुवावी.

● शेजारचा धडा : शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत प्रथम राबवायला घेतली गेली.

● अनुदान : २०२४ची ‘पीएम सूर्यघर’ योजना फक्त घरगुती जोडणीसाठी आहे. व्यावसायिक मीटर असेल, तर त्या अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढू नका.