गेट आणि गेट

दुसरीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक गोष्ट हटकून दिसते. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो. ‘मिळवणे’ या अर्थाच्या शब्दाखाली गेट आणि फाटकाच्या शब्दाखालीही गेटच! लिहायच्या पेनचं आणि दुखण्याच्या ‘पेन’चंही तेच. इंग्रजीत इथे दोन निराळे स्वर आहेत, एक तोकडा आणि एक लांबवलेला. ॲ आणि ऑ यांसाठी मराठीने चिन्हं केली, या जोडीसाठी केली नाहीत. त्यामुळे घरच्यांनी मायेने लिहून दिलेल्या त्या ओळीतच फरक पुसला जातो. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण ही सवय अजून गेलेली नाही.

म्हणून मी सुटा शब्द शिकवत नाही, शेपटासकट शिकवते. फळ्यावर ‘ए-टी’ लिहायचं आणि पुढच्या अक्षराची पट्टी बदलत जायची : कॅट, बॅट, रॅट, मॅट. मुलं बडबडगीतांवर वाढलेली. यमक कानात बसलेलंच असतं, त्यामुळे दोन पट्ट्या झाल्या की ती माझ्याआधीच ओरडतात. मग ‘मॅट’च्या मागे ‘ई’ची पट्टी लावते. ती स्वतः गप्प राहते, पण आधीच्या स्वराला बदलून टाकते : मॅटचं मेट, हॅटचं हेट, कॅपचं केप. लांब स्वर आला की मुलं दोन्ही हात पसरतात.

ही ‘ई’ कायमची मुकी नव्हती. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात ‘नेम’ हा शब्द साधारण ‘नामअ’ असा बोलला जाई. १४७६मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, पुढे स्पेलिंगं हळूहळू स्थिरावली. बोलण्यातले स्वर मात्र सरकतच राहिले. लाइट, नाइटमधले ‘जी-एच’ही तेव्हा घशातून, ‘ख’च्या जवळ घासून उच्चारले जात. हे सांगितलं की सगळा वर्ग ‘निख्त’ म्हणून बघतो आणि ते स्पेलिंग पुन्हा चुकत नाही.

हॅव्ह, गिव्ह असे शब्द मात्र मुक्या ‘ई’ची ही शिस्त मोडतात. इंग्रजी शब्द ‘व्ही’वर संपवायचा नाही ही जुनी लेखनरीत, तिथली ‘ई’ नुसती टेकू द्यायला आहे. असे शब्द मी वेगळ्या कागदावर, वेगळ्या रंगात ठेवते.

पालकांना माझी विनंती आहे : शब्दाखाली देवनागरी लिहू नका. त्याच शेपटाचे आणखी तीन शब्द लिहून द्या आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.