एकवीस किलोमीटर आणि पस्तीस हजार स्लीपर
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

"एकवीस किलोमीटर? का रे, एसटीचा संप आहे काय?"

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं हे सांगितल्यावर माझ्या रूम पार्टनरची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी प्रतिक्रिया फी ऐकल्यावर आली, ती इथे छापता येणार नाही. पण परत आल्यापासून मेसमध्ये रोज कुणी ना कुणी तरी विचारतंच, "तिथं नक्की असतं काय? आपल्याला जमेल का?" दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

हे खूळ डोक्यात भरलं ते माझ्या आत्तेबहिणीमुळे. ती फ्लोरिडात असते. तिथे ओरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ पासून मॅरेथॉन होते आणि त्याच दिवसांत हाफ मॅरेथॉनही असते. ताई ती पळाली. पहाटे पाचला अंधारात सुरुवात, मग त्या परीकथेतल्या किल्ल्यातून पळत जायचं, वाटेत मिकी माऊस उभा! लोक चक्क शर्यत सोडून त्याच्याबरोबर फोटो काढायला रांगेत थांबतात, आणि इकडे घड्याळ चालूच. मी म्हटलं, "ताई, ही कसली शर्यत? ही तर आपली सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा झाली." ती म्हणाली, "तेच तर! आणि मैलाला सोळा मिनिटं एवढा वेग ठेवला की झालं. त्याच्याही मागे पडलास तर मात्र गाडीत बसवून परत नेतात." मी हिशोब केला. मैलाला सोळा मिनिटं म्हणजे किलोमीटरला साधारण दहा. म्हणजे झपझप चालण्याचा वेग! एकवीस किलोमीटरला साडेतीन तास. मला तर वाटलं होतं की हाफ मॅरेथॉन म्हणजे फक्त हडकुळ्या, सुसाट लोकांचं काम.

फ्लोरिडाचं तिकीट आपल्याला परवडणारं नाही. पण आपल्याकडे साताऱ्यात २०१२ पासून अशीच एक शर्यत होते, ऐन पावसाळ्याच्या शेवटी. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जायचं आणि अर्ध्यावरून वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. डोंगरातल्या शर्यतीत सर्वांत जास्त लोक धावले म्हणून २०१५ साली तिचं नाव गिनेस बुकातही गेलं. मिकी नाही, पण ढग आहेत, ढोल-लेझीम आहे आणि रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला २०१२ मध्येच जागतिक वारसा यादीत गेलेलं कासचं पठार आहे.

अडचण एकच, होटगीत घाट कुठून आणायचा? इथे तलावाचा बांध सोडला तर चढ म्हणावा असं काही नाही. चारी बाजूंना काळी माती, ज्वारी आणि सपाट रस्ता. मी पहाटे पाचला गेटमधून निघायचो आणि रेल्वेलाइनच्या कडेच्या रस्त्याने पळायचो. (लाइनच्या कडेच्या रस्त्याने, रुळांवरून नव्हे! रुळांत शिरणं गुन्हा आहे आणि होटगी जंक्शन आहे. गदगकडची गाडी वेगळी, वाडीकडची वेगळी. कुठून काय येईल सांगता येत नाही.)

तिथे मला कीमनमामा भेटले. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंडे, रोज आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या तुकड्यावरून जायचं आणि यायचं, ढिली झालेली चावी ठोकून बसवायची. पहिल्या दिवशी ते फाटकापाशी थांबून म्हणाले, "एवढ्या पहाटं कुठं पळायलास? गाडी चुकली का काय?" मी शर्यतीचं सांगितलं. फीचंही सांगितलं. ते बराच वेळ हसले. "पैसे भरून पळायचं? आम्हाला सरकार पैसे देतंय चालायचे!"

पण घाटाचं ऐकल्यावर त्यांनी मोलाची गोष्ट सांगितली. "चढाला पाऊल लांब टाकू नको. स्लीपर कसं दोन-दोन फुटावर असतंय? तेवढंच पाऊल. आन् पुढं बघत बसू नको किती राहिलंय ते."

मी रूमवर येऊन आकडे मांडले (यंत्रवाला आहे, सवय जात नाही). मेन लाइनला किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटरचं अंतर. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे पस्तीस हजारांच्या वर स्लीपर. आकडा बघून घाम फुटला, पण युक्ती शंभर टक्के बरोबर आहे. चढावर पाऊल लांब टाकलं की प्रत्येक पावलाला शरीर जास्त वर उचलावं लागतं आणि मांडीचा स्नायू लवकर संपतो. सायकलचा गिअर बदलतो तसं, पाऊल लहान पण लय तीच.

आता प्रत्यक्ष दिवसाचं. आदल्या दिवशीच साताऱ्याला पोचा, कारण पळताना छातीवर लावायचा नंबर ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. त्या नंबराच्या मागे एक पातळ चिप असते. तिला बॅटरी नसते. सुरुवातीच्या रेषेवरच्या अँटेनाकडून ऊर्जा घेऊन ती आपला क्रमांक सांगते. त्यामुळे तुम्ही गर्दीत मागे उभे राहून दहा मिनिटांनी रेषा ओलांडलीत, तरी तुमचं स्वतःचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. हे माहीत असूनही मी गाढवासारखा पुढे घुसलो.

आणि तिथेच चुकलो. ढोल वाजतायत, हजारो लोक आहेत, शाळेची पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी आहेत. अशा वेळी पाय आपोआप पळतात. होटगीत मी किलोमीटरला सात मिनिटांनी पळायचो, इथे पहिले दोन किलोमीटर साडेपाचने काढले. तेव्हा वाटलं, आपण जन्मतःच धावपटू आहोत! मग घाट लागला. यवतेश्वरचं वळण संपलं की पुढचं वळण. श्वास फासफूस, पिंडऱ्या दगड. माझ्या वडिलांच्या वयाच्या बायका साडीत, हो साडीत, मला मागे टाकून निघून गेल्या. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला मी थांबलो आणि बाजूच्या दगडावर बसलो. खरं सांगतो, परत फिरायचं ठरवलं होतं. मग मामांचे स्लीपर आठवले. उठलो, मान खाली घातली आणि दोन-दोन फुटांची पावलं मोजत चालायला लागलो. शंभर पळायची, पन्नास चालायची. लाजायचं कारण नाही. त्या घाटात अर्धी जनता चालत असते.

हवेबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांनी लक्षात ठेवावी. होटगीच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि लगेच वाळतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच आपला कूलिंग टॉवर. साताऱ्याच्या ढगात हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. गारवा वाटतो म्हणून तहान लागत नाही, पण पाणी आणि मीठ जातच असतं. म्हणून टेबल दिसलं की दोन घोट, मीठ लावलेली संत्र्याची फोड मिळाली तर ती. उलट घाबरून तांब्याच्या तांब्या साधं पाणीही ढोसू नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जास्त धोक्याचं.

वळण घेऊन परत निघालो आणि ढग जरा फाटले. खाली अख्खा सातारा दिसला. दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. माझा मिकी माऊस तोच!

उतार सोपा असतो असं ज्याला वाटतं त्याने पायऱ्या उतरून बघाव्यात, दुसऱ्या दिवशी. उताराला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि ब्रेक तापतो तसा तो आतून सोलवटतो. शर्यतीच्या दिवशी कळत नाही. मला सोमवारी आणि मंगळवारी कळलं, त्यातही हॉस्टेलच्या भारतीय पद्धतीच्या संडासात. याहून जास्त लिहीत नाही.

दुसरी चूक बुटांची. शर्यतीसाठी म्हणून नवी पेठेतून नवे कोरे बूट आणले होते, तेही अगदी घट्ट मापाचे. उताराला प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आदळत होता. अंगठ्याचं नख आधी जांभळं, मग काळं झालं आणि महिन्याने गळून पडलं. रोजचे झिजलेले बूट घातले असते तर नख वाचलं असतं.

अठराव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. एका स्वयंसेवक पोराने, अकरावीतला असेल, मला कठड्याला टेकवून पाय ताणून दिला, चिमूटभर मीठ हातावर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, आता खालीच जायचंय." शेवटचं अंतर चालत, लंगडत, पण संपवलं. वेळ तीन तास चार मिनिटं. ताईच्या गाडीत बसावं लागलं नसतं.

सोमवारी पहाटे पळणं शक्यच नव्हतं. तरी पाय ओढत फाटकापर्यंत गेलो आणि मामांना पदक दाखवलं. त्यांनी ते हातावर तोललं, नखाने वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पहिला आलास?" मी म्हटलं, "नाही मामा, बऱ्याच जणांच्या मागे." "मग हे कशाचं दिलंय?" "पूर्ण केली म्हणून." त्यांनी पदक परत दिलं, हातोडा खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "आमचं तर रोजच पूर्ण हुतंय की!"

नोंदणी शर्यतीच्या बरीच आधी सुरू होते आणि जागा पटापट संपतात, तेव्हा परीक्षेच्या गडबडीत विसरू नका. ज्यांना सराव करायचाय त्यांनी पहाटे पाचला गेटवर यावं. सध्या आम्ही तिघं आहोत आणि तिसरा कोण, तर एसटीच्या संपाची चौकशी करणारा माझा रूम पार्टनर.