आधी पैसे, मग सवलत
उच्च शिक्षणाचा हिशेब : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण सीईटीच्या निकालापासून कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत जागा मिळेपर्यंत आलो होतो. जागा मिळाली, ‘फ्रीज’ म्हणजे पक्की केली, की मुलाच्या हातात मोजके दिवस उरतात. तेवढ्यात कागदपत्रं आणि शुल्क घेऊन महाविद्यालयात हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र यानंतर कित्येक महिन्यांनी येतात, कधी वर्ष संपल्यावर येतात. महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणातली विषमता मला सगळ्यात जास्त या दोन तारखांमधल्या अंतरात दिसते.

योजना कमी नाहीत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ‘ईबीसी’च म्हणतात, तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हे सगळं मोलाचं आहे. या योजनांवर इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक झालेली पहिल्या पिढीची माणसं आज प्रत्येक जिल्ह्यात भेटतात.

तरीही एक हिशेब मांडून पाहू. समजा, परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाचा नंबर पुण्याच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात ईबीसीतून लागला. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलं वार्षिक शुल्क एक लाख रुपये आहे असं धरू. त्यात शिक्षण शुल्क ८८ हजार, विकास शुल्क १२ हजार. ‘निम्मं माफ’ ऐकून वडील पन्नास हजारांची तयारी करतात. पण सवलत फक्त शिक्षण शुल्कावर आहे, म्हणजे ४४ हजारांची. विकास शुल्क पूर्ण भरायचं. म्हणजे ५६ हजार. वर खोलीचं भाडं, मेस, डिपॉझिट, लॅपटॉप. आणि संस्थेने ‘सगळं शुल्क आत्ता भरा, सरकारचे आले की परत देऊ’ म्हटलं, तर ते ४४ हजारही आधी घरातूनच जातात. सवलतीपुरतं शुल्क विद्यार्थ्याकडून आधी मागू नये, अशा सूचना शासन पुन्हा पुन्हा काढतं. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, खिडकीसमोर उभ्या असलेल्या बापाला त्या सूचनेचा आधार घेऊन भांडता येत नाही. त्याला मुलाची जागा हवी असते.

इथे संस्थांची बाजूही सांगायला हवी. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडलं गेलं, आणि तेव्हापासून या महाविद्यालयांत प्राध्यापकांचा पगार शुल्कातूनच निघतो. सरकारकडून येणं थकलं की पगार थकतात. पण या दोघांच्या थकबाकीत तिसऱ्याच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या, टीसीला आणि मूळ गुणपत्रिकांना ओलीस ठेवणं मला कुठल्याच तर्काने पटत नाही. पुढचा प्रवेश, नोकरीची हजेरी, सगळं त्या कागदांवर अडतं.

पैसे यायला वेळ का लागतो, हे शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज ज्याने भरला आहे त्याला विचारा. आधी उत्पन्नाचा दाखला: तलाठी, सेतू केंद्र, तहसील. जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, ज्यांना लागू त्यांना नॉन-क्रीमिलेयर. मग पोर्टलवर अर्ज. तो महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षण विभागाच्या कार्यालयाकडे. एका कागदाची प्रत अस्पष्ट असली की अर्ज ‘सेंड बॅक’ होतो. मंजूर झाला तरी निधी उपलब्ध व्हायचा असतो, खात्याला आधार जोडलेलं असावं लागतं, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः ‘रिडीम’ केल्याशिवाय हप्ता पुढे सरकत नाही. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्य यांचा वाटा आता ६०:४० आहे. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातलं शुल्क त्याने महाविद्यालयाला द्यायचं असतं. मधल्या काळात घरात आजारपण निघालं आणि त्यातले पैसे वापरले गेले, तर तोच विद्यार्थी महाविद्यालयाचा थकबाकीदार ठरतो.

हे अंतर भरून कोण काढतं? आईच्या गळ्यातलं सोनं. बचत गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, कृषी सेवा केंद्रातली वाढवलेली उधारी, ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरच्या कर्जाची चर्चा आपल्याकडेही होते. तिथे केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे हे निदान सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे सोनेतारण कर्ज सोनेतारण म्हणूनच नोंदलं जातं. ते मुलीच्या नर्सिंगच्या पहिल्या हप्त्यासाठी होतं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. म्हणून महाराष्ट्रातलं शैक्षणिक कर्ज जेवढं बँकांच्या वहीत दिसतं, त्याहून ते कितीतरी मोठं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

मग बँकेकडे का जात नाहीत? जातात. नियमाने चार लाखांपर्यंत ना तारण, ना स्वतःची भर; साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही. प्रत्यक्षात सहकर्जदार म्हणून वडिलांचं नाव लागतं आणि त्यांचा सिबिल तपासला जातो. दुष्काळात थकलेलं पीककर्ज तिथे आडवं येतं. साडेसात लाखांच्या वर सातबारा चालेल का, तर जमीन वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, निघते.

त्याहून खोल गोष्ट वेगळी आहे. कर्ज किती सहज आणि किती स्वस्त मिळेल, हे विद्यार्थ्याच्या गरजेवर ठरत नाही. महाविद्यालयाच्या नावावर ठरतं. आयआयटी, आयआयएमच्या विद्यार्थ्याला बँका मोठी रक्कम तारणाशिवाय आणि कमी व्याजाने देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही गुणवत्तेच्या क्रमवारीतल्या ८६० संस्थांपासून सुरू होते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. चांगली योजना आहे. पण तालुक्याच्या गावाबाहेर माळावर उभ्या राहिलेल्या, क्रमवारीत कुठेच नसलेल्या महाविद्यालयात जो शिकतो त्याचं काय? कोटा-लातूरचे क्लास परवडले नाहीत म्हणून तो तिथे आहे, आणि तिथे आहे म्हणून त्याचं कर्ज महाग आहे. त्यात आयकराचं कलम ८०ई: जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट, तीही ज्याच्यावर कर बसतो त्यालाच.

उत्पन्नाच्या मर्यादांचंही तसंच. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची आणि ईबीसीची मर्यादा आठ लाख. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख, आणि ती २०१३ पासून हललेली नाही. महिन्याला एकवीस हजारांच्या आत. नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून कायम असलेल्या बापाचं घर या रेषेबाहेर जातं. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्याला फ्रीशिपमधून शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, हे खरं. पण निर्वाह भत्ता जातो. आणि शहरात टिकायचं की घरी परतायचं, हे बहुतेकदा शुल्कावर ठरत नाही, मेसच्या बिलावर ठरतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. मुलाला आधी छप्पर आणि जेवण दिलं, आणि ते शाळेच्या पहिल्या दिवसापासून दिलं. आजची स्वाधार योजना त्याच विचारातली: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शहरानुसार वर्षाला ६० हजारांपर्यंत. पण घरमालक भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला मागतो, आणि स्वाधारचे हप्ते त्या तारखेला येत नाहीत.

यावर उपाय अवघड नाही, म्हणूनच राग येतो. कॅपमध्ये जागा देताना सरकारच मुलाची जात, उत्पन्न, गुण आणि कागद तपासतं. कुठल्या महाविद्यालयात, कुठल्या शुल्कावर तो गेला हे सरकारला त्याच दिवशी ठाऊक असतं. मग त्याच दिवशी शिष्यवृत्ती तत्त्वतः मंजूर करून महाविद्यालयाला लेखी हमी का देऊ नये, आणि निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता वर्ग सुरू होण्याआधी का देऊ नये? पडताळणीत कुणी खोटा निघाला तर वसुलीचे अधिकार सरकारकडे आहेतच. आज संशयाचा सगळा खर्च प्रामाणिक गरिबाकडून आगाऊ वसूल होतो.

तोवर, ज्यांच्या घरी यंदा प्रवेश आहे त्यांनी एवढं करावं. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाचं मंजूर शुल्क असतं. शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, ते प्रवेशाला जाण्याआधी पाहावं. जे भराल त्याची फोडीसह पावती घ्यावी. आणि संस्था स्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर महाविद्यालय स्वतः भरतं ती, जागा कुणी ‘तेवढंच शुल्क आहे’ म्हणून सुचवली, तर लक्षात ठेवावं की ईबीसीची सवलत कॅपमधून लागलेल्या जागेलाच आहे. त्या संस्था स्तरावरच्या जागा आणि वैद्यकीयचा एनआरआय कोटा यांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.