कळसूबाईची निसर्गवाट : बारी गावाचा ठेवा

अकोले तालुक्यातील बारी हे सह्याद्रीच्या कुशीत वसलेले लहानसे गाव. येथूनच कळसूबाई या १,६४६ मीटर उंचीच्या, राज्यातील सर्वोच्च शिखराची पाऊलवाट सुरू होते. नवरात्रात भाविक याच वाटेने देवीच्या दर्शनास जातात; अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. पदभ्रमणासाठी येणाऱ्यांचे भोजन, निवास व वाटाड्याचे काम यांतून ग्रामस्थांना अर्थप्राप्ती होते.

परंतु ही वाट जपली तरच हे उत्पन्न टिकेल. चिखल टाळण्यासाठी लोक बाजूच्या गवतातून चालू लागले की गवत मरते, वाट रुंदावते आणि पावसाचे पाणी त्याच वाटेने धावून माती वाहून नेते. यास्तव एकच वाट राखणे, आडवे दगड रचून पाणी बाजूस वळविणे व कचरा खाली आणावयास लावणे अगत्याचे आहे. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य असल्याने अशी कामे वन विभागाच्या संमतीनेच करावयास हवीत.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीने व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. वाटेवरील वृक्ष, पक्षी व पाणवठे यांच्या नोंदी करण्यात शिक्षक-विद्यार्थ्यांनी साह्य केल्यास निसर्गवाट हीच गावाची पाठशाळा ठरेल.