आजारपणाचा खर्च आणि सीमेवरील व्यापारी

व्यापाऱ्याच्या दुकानाला आगीचा विमा असतो, ट्रकमधून जाणाऱ्या मालाला असतो, गुदामातील कापसाच्या गाठींनाही असतो. परंतु त्या गुदामाची किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याच्या प्रकृतीचा विमा पुष्कळदा नसतो. ही गोष्ट विचित्र खरी. तथापि तिला कारणे आहेत, आणि पांढुर्णा-सौंसर भागात ती इतर ठिकाणांहून काहीशी निराळी आहेत. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

1956 पूर्वी आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात व पुढे 1960 साली महाराष्ट्रात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची वाट याप्रमाणे बदलत गेली; रुग्णाची वाट मात्र बदलली नाही. हृदयविकार असो, कर्करोग असो वा मूत्रपिंडाचा विकार असो, आपल्या घरातील माणसाला घेऊन आपण आजही बहुधा नागपूरलाच जातो. तेथे पोहोचेपर्यंत राज्याची सीमा ओलांडलेली असते, आणि खर्चाचा प्रश्न तिथूनच अवघड होतो.

महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय 2023 साली घेतला. गरीब-श्रीमंत हा भेद तेथे राहिला नाही; परंतु योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरती आहे. नागपूरच्या एकाच रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर सावनेरचा किराणा व्यापारी आणि सौंसरचा किराणा व्यापारी असले, भाषा एक, धंदा एक, दुखणेही एक असले, तरी पहिल्याला ही योजना लागू पडते व दुसऱ्याला पडत नाही.

आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मध्य प्रदेशात काढलेले कार्ड नागपूरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. मात्र पात्रता मुख्यतः 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ठरलेली. मध्य प्रदेशात अन्नसुरक्षेची पात्रता-पर्ची आणि संबल योजनेतील कुटुंबेही तिच्यात घेतलेली आहेत. मध्यम प्रतीचा दुकानदार यांपैकी कशातच बसत नाही. दुसरीकडे कर्मचारी राज्य विमा योजना 1948 च्या कायद्याने आली. ती पगारदारांसाठी आहे, आणि दोन नोकरांच्या दुकानाला ती सहसा लागू होत नाही. अशा रीतीने जो गरीब म्हणून मोजला जात नाही व कोणाचा नोकरही नाही, तो आपल्या तिजोरीच्या भरवशावर राहतो.

याला एक मोठा अपवाद 29 ऑक्टोबर 2024 पासून झाला आहे. सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास 5 लाखांची मर्यादा दोघांत मिळून असते. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. ‘सरकारी कार्ड आपल्याला कशाला’ असा संकोच काही सुखवस्तू घरांत असतो. तो आम्हांला अनाठायी वाटतो. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी: रुग्णालय संलग्न असले तरी सर्वच विभागांसाठी संलग्न असते असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीने विचारून घ्यावे. शिवाय मधुमेह वा रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च या कार्डातून भागत नाही.

पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 सालीच आपल्या देशापुढे मांडले होते. इंग्लंडने 5 जुलै 1948 पासून ते अमलात आणले; कराच्या पैशातून सर्वांना उपचार, असा तो मार्ग. आपल्याकडे 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांच्या खिशातून थेट जात होती. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होते. सुधारणा आहे, पण उरलेला भार थोडा नव्हे.

आता विम्याचा हिशेब पाहू. समजा, शंभर कुटुंबांपैकी वर्षाला पाचांवर रुग्णालयात जाण्याची पाळी येते व प्रत्येकी 1 लाख रुपये खर्च होतो. व्यवस्थापनाचा खर्च सोडला तर दर कुटुंबास 5,000 रुपये हप्ता पुरतो. मग तरुण व धडधाकट असलेली चाळीस कुटुंबे ‘आम्हांला काय होते’ म्हणून बाहेर पडली. आजारी पडणारी पाच तर आतच राहिली! उरलेल्या साठांचा हप्ता 8,333 रुपयांवर जातो. तो पाहून आणखी काही बाहेर पडतात, आणि हप्ता पुन्हा चढतो. विमा महाग होण्याचे हे एक मोठे कारण होय. गोटमारीची तिथी ठरलेली असते, म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीच उभ्या असतात. बाकीच्या दुखण्यांना पंचांग नसते.

याचे व्यवहारातील उत्तम उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालविला. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. सुगीच्या दिवसांत, हातात धान्य असताना वर्गणी गोळा होई. भूमिहीनाची कमी, जमीनदाराची जमिनीच्या मानाने जास्त. आणि गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. शंभरांच्या हिशेबातील दोष त्यांनी या एका अटीने टाळला. औषधदानाची परंपरा आपल्या समाजात थोर आहे. परंतु दानासाठी गरजवंताला कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. ज्वारी भरलेला शेतकरी आपल्या हक्काने रुग्णालयाच्या दारात उभा राही.

खाजगी विमापत्र घेताना आपल्या भागातील माणसाने दोन कलमे विशेष पाहावीत. पहिले खोलीभाड्याचे. 3 लाखांच्या विमापत्रात खोलीभाडे रोज 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये असेल आणि आपण 6,000 रुपयांची खोली घेतली, तर पुष्कळ विमापत्रांत केवळ भाडेच नव्हे, डॉक्टर व शस्त्रक्रिया यांचेही शुल्क त्याच प्रमाणात निम्मे कापले जाते. दुसरे कलम विभागाचे. काही कंपन्या लहान गावच्या रहिवाशाला कमी हप्ता लावतात आणि मोठ्या शहरात उपचार घेतल्यास खर्चाचा काही भाग त्याच्यावर टाकतात. नागपूरला जाणे निश्चितच असेल तर असा स्वस्त हप्ता स्वस्त पडत नाही. 2024 पासून पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही, हेही ध्यानात असावे. वैयक्तिक विमापत्रावरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. पूर्वी तो 18 टक्के होता.

संस्थेमार्फत सामूहिक विमापत्र घ्यावे की काय, हा प्रश्न उरतो. करमाफी सामूहिक विमापत्रास मिळालेली नाही, ही त्यातील उणी बाजू. परंतु वाटाघाट नीट झाली तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ माफ करून घेता येतो, आणि ज्याला एकट्याला कंपनी दारात उभी करणार नाही असा मधुमेही सभासदही आत येतो. वृद्धांना वगळले तर दर पुष्कळ उतरतो, हे खरे. आमच्या मते तो मोह टाळावा. सत्तरीपुढील मंडळींची वय वंदना कार्डे आधी काढून घेतली आणि त्यांच्यासाठी 5 लाखांवरील खर्चापुरते पूरक विमापत्र घेतले, तर त्यांचा भार बराच हलका होतो. मुनीम, नोकर आणि हमाल यांची कुटुंबेही यादीत असावीत. त्यांपैकी ज्यांना आयुष्मान कार्ड मिळू शकते पण मिळालेले नाही, त्यांची कागदपत्रे दुकानमालकाने स्वतः पाहावीत. हप्त्याची तारीख कापूस-संत्र्याच्या हंगामानंतरची ठेवणे सोयीचे पडेल. कोणतीही कंपनी दर सांगण्यापूर्वी माणसांची संख्या व वये मागते. तेव्हा पांढुर्णा व सौंसर या दोन्ही ठिकाणच्या सभासदांनी प्रथम आपापल्या घरची व दुकानची अशी यादी करून ती संस्थेच्या चिटणिसांकडे द्यावी.