थंड देशातलं घर – लेखांक ६ : तळघराच्या भिंतीला काळं काय फासावं?

टोरांटोतल्या घराचा पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली, म्हणजे साधारण १.२ मीटर खोल का न्यावा लागतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. एवढं खोदायचंच आहे तर आणखी थोडं खोदून तळघरच करून घ्यावं, असा तिथला हिशेब. त्यामुळे पायाची भिंत ही राहत्या खोलीचीही भिंत होते. आत गादी, पुस्तकं, कधी भाडेकरू. बाहेर ओली चिकणमाती. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे घर घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा हप्ता तळघराच्या भाड्यावर निघतो, तेव्हा ही ओल खिशालाही लागते.

नवं घर बांधलं जात असताना माती लोटण्याआधी पाहिलं, तर ही भिंत बाहेरून काळीभोर दिसते. ते बहुधा फवारलेलं डांबरी इमल्शन असतं. काँक्रीटची बारीक छिद्रं मातीतला ओलावा शोषतात, तो हा पातळ थर रोखतो. त्याचं काम तेवढंच. भिंतीला टेकून पाणी साचलं तर गोष्ट वेगळी: पाण्याच्या दर मीटर उंचीमागे चौरस मीटरला एक टन दाब वाढतो. त्यात काँक्रीट वाळताना आकसतं, केसाएवढ्या भेगा पडतात आणि पातळ डांबरही त्याच रेषेत फाटतं. कॅनडातले बांधकामाचे नियमही ओल रोखणं आणि दाबाचं पाणी अडवणं या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. नियमाला पहिली पुरत असेल तर बिल्डर दुसरीवर खर्च कशाला करेल? काळी भिंत पाहून ‘वॉटरप्रूफिंग झालंय’ असं समजणं ही मात्र घेणाऱ्याची चूक.

साधं डांबर थंडीत कडक होतं, म्हणून दाबाचं पाणी अडवायला एसबीएस जातीचं रबर मिसळलेलं डांबर वापरतात. ते उणे तापमानातही लवचिक राहतं आणि बारीक भेगेवर ताणलं जातं. चिकटवायचा पट्टा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा असतो. तेच पातळ करून फवारताही येतं. भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची असेल तर आधी बाहेरून गिलावा हवाच. ब्लॉकच्या सांध्यांवर थेट लेप मारून पैसे वाचवणाऱ्याला काम देऊ नये.

गोठलेल्या मातीचा आणखी एक त्रास आहे. ओली माती गोठताना भिंतीला घट्ट धरते आणि स्वतः फुगून वर सरकताना लेपाला, कधी भिंतीलाही, ओढते. गरम न केलेल्या गॅरेजच्या पायाला हा धोका अधिक. त्यावर उपाय म्हणून लेपाबाहेर पुटकुळ्यांचा जाड प्लॅस्टिक पत्रा लावतात. माती पकडते ती पत्र्याला, आणि आत आलेलं पाणी मधल्या फटीतून खालच्या निचऱ्याच्या नळीत उतरतं. मला विचाराल तर लेपावर दुप्पट खर्च करण्यापेक्षा मध्यम प्रतीचा लेप आणि हा पत्रा घ्यावा.

पण या हवेत लेपाची निवड शेवटी कॅलेंडर करतं. ऑक्टोबरमध्ये भिंत ओतली की नोव्हेंबरात लेपाची पाळी येते. इमल्शनमधलं पाणी उडून गेल्याशिवाय त्याचा सलग पापुद्रा बनत नाही. पाच अंश तापमान, वर दमट हवा, म्हणजे ते दिवसेंदिवस ओलंच राहतं. रात्री गोठलं तर काम वाया, पाऊस आला तर काळे ओघळ. द्रावकातलं डांबर थंडीतही सुकतं, पण शेजारचा पॉलिस्टायरिनचा इन्सुलेशन बोर्ड विरघळवतं. चिकटपट्ट्याचा गोंद साधारण पाच अंशांखाली धरत नाही. थंडीसाठीचे वेगळे प्रकार मिळतात, पण भिंतीवर न दिसणारं दव किंवा हिम असेल तर तेही सुटतात. इपॉक्सीचं तर दहा अंशांखाली काम मंदावतं, आणि दमट गारठ्यात काही प्रकारांवर मेणचट साय धरते, तिच्यावर पुढचा हात बसत नाही. हवेतल्या ओलाव्यावरच पक्कं होणारं पॉलियुरेथेन इथे सोयीचं वाटतं, पण काँक्रीट आतून ओलं असेल तर त्याला बुडबुडे येतात. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त हवं, हा रंगकामातला जुना नियम इथेही पाळावा. शक्य असेल तर मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे काम उरकावं.

आतून रंग मारून ओल थांबवण्याचा मोह सगळ्यांना होतो. बाहेरचं पाणी दाबाने येत असेल तर रंग पापुद्रे धरून सुटतो, मागे पांढरा लोणा. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवणारा सिमेंटी लेप आतून चालतो, पण हलत्या भेगेपुढे तोही हतबल.

शिवाय प्रत्येक ओल बाहेरून येत नाही. जुलैत तिथली हवा चांगलीच दमट असते आणि मातीआडची भिंत थंड; भिंतीवर पाण्याचे थेंब जमतात. अशा वेळी ‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा’ ही आपली सवय ओल वाढवते. पंचेचाळीस सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे असेल तर ते भिंतीतून आलं, खोलीच्या बाजूला असेल तर हवेतून. हवेतून येत असेल तर लेपाचा विचार सोडा, इन्सुलेशन आणि ओलावा शोषणारं यंत्र पाहा.

८ जुलै २०१३ला टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरात असंख्य तळघरं बुडाली. असं पाणी पुष्कळदा गटार तुंबून जमिनीतल्या जाळीतून उलटं वर येतं. तिथे झडप लागते.

जुनं घर घेत असाल तर खोदकामाच्या आधी पायाशी असलेल्या निचऱ्याच्या नळीत कॅमेरा घालून पाहायला सांगा. नळी चिखलाने बुजलेली असेल तर पाणी भिंतीशीच तुंबेल, लेप कितीही महागाचा असो. आणि लेपाच्या कोटेशनमध्ये सुकल्यानंतरची जाडी किती आणि किती तापमानापर्यंत काम करणार, हे दोन आकडे लेखी मागा.