उमेदवारीच्या आधीची उमेदवारी

दहावीनंतर काय, या प्रश्नाची आपल्याकडे दोनच ठरीव उत्तरे असतात. गुण बरे असतील तर कॉलेज, नाहीतर ‘कुठेतरी कामाला’. या ‘कुठेतरी’चा विचार शाळेत फारसा होत नाही. तो थोडा करून पाहू.

उदाहरणासाठी पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे घोरावाडी हे छोटे स्टेशन घेऊ. एका बाजूला बेगडेवाडी, दुसऱ्या बाजूला तळेगाव. लोकलने थोडे पुढे गेले की पिंपरी-चिंचवडचे कारखाने, आणि तळेगावलाही औद्योगिक वसाहत आहेच. इथल्या मुलांना कारखाना नवखा नाही. कोणाचे वडील, कोणाचा मामा तिथे असतोच. प्रश्न आहे तो मूल कारखान्याच्या दारातून कोण म्हणून आत जाणार याचा.

कंत्राटी हेल्पर म्हणून गेलेला मुलगा सांगेल ते उचलतो, सांगेल तिथे ठेवतो. पाच वर्षांनीही तो बहुधा हेल्परच असतो. शिकाऊ उमेदवाराचे तसे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे त्याच्याशी लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते, प्रशिक्षणाचा कालावधी ठरलेला असतो. या कायद्यात किमान वय १४ वर्षे आहे. धोकादायक व्यवसायांसाठी ते १८ आहे. म्हणजे कायद्याने दार उघडून ठेवले आहे. पण त्या दाराशी येणाऱ्या मुलाच्या हाताला आणि डोळ्याला काय येत असावे, हे कायदा शिकवत नाही. ते शिकवण्याची जागा म्हणजे आठवी ते दहावीचे वर्ग. इतर काही देशांत या टप्प्याला स्वतंत्र नाव आणि अभ्यासक्रम आहे. आपण त्याला उमेदवारीच्या आधीची उमेदवारी म्हणू.

या टप्प्यावर काय शिकायचे? एखादे यंत्र चालवायला नव्हे. ते कारखाना शिकवतो, आणि यंत्रे बदलतात. तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले मोटारींचे उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले. तिथल्या एकाच यंत्रापुरते शिकलेल्याची अडचण होते. मोजमाप, रेखाचित्र आणि पदार्थांचे गुणधर्म ज्याला कळतात, तो दुसरे यंत्र शिकू शकतो. म्हणून या टप्प्यावर पायाच महत्त्वाचा.

हा पाया आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. एक उदाहरण घेऊ. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे आपण गोळा आणि कड्याच्या प्रयोगाने शिकवतो. हीच गोष्ट गावचा लोहार आणि सुतार पिढ्यान् पिढ्या वापरत आले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवायची, तर धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात आणि ती तापवून चाकावर घालतात. धावेचा व्यास १२०० मिलिमीटर आहे आणि ती ५०० अंश सेल्सियसने तापवली असे समजा. लोखंड एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांश १२ भाग वाढते. १२०० ला १२ ने आणि ५०० ने गुणून दहा लाखांनी भागले की उत्तर येते ७.२ मिलिमीटर. एवढी वाढ डोळ्यांना दिसते. पाणी ओतले की धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळून बसते.

आता कारखान्यात चला. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर बेअरिंग बसवायचे आहे. दांडा नुसता एकदशांश मिलिमीटर जाड झाला तर बेअरिंग चढणार नाही. तेवढाच बारीक झाला तर ते सैल राहून फिरेल. म्हणून फिटर बेअरिंग गरम करतो. ते ८० अंशांनी तापवले तर त्याचे भोक किती मोठे होईल? वरचाच हिशेब करा: ०.०२४ मिलिमीटर. डोळ्यांना न दिसणारी ही वाढ बेअरिंग बसवायला पुरते, कारण दांडा आणि भोक यांतला फरकही त्याच मापाचा ठेवलेला असतो. आपण नववी-दहावीत शिकवतो त्या व्हर्निअरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर असते. मुख्य पट्टीवरच्या ९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर १० भाग केलेले असतात. कारखान्यात ४९ मिलिमीटरचे ५० भाग करून ते ०.०२ वर आणतात. तत्त्व तेच. तेव्हा कड्याचा प्रयोग, गाडीची धाव आणि बेअरिंग हा एकच धडा आहे. मूल हे तीन दुवे जोडू शकले, तर त्याच्या उमेदवारीची सुरुवात वर्गातच झाली असे समजावे.

शिकणे आणि उत्पादन यांची सांगड घालण्याचा एक जुना प्रयत्न याच मावळात झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. या फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहत. इथे काचसामान बनवण्याइतकेच महत्त्व देशी कारागीर तयार करण्याला होते.

काचेचे काम नुसते बघून का येत नाही? तयार झालेली बरणी उघड्यावर ठेवली तर तिचा बाहेरचा थर लवकर थंड होऊन कडक होतो, आतला थर मागाहून आकसू पाहतो. त्या ओढाताणीचा ताण काचेत अडकून राहतो. बरणी दिसायला उत्तम असते. पण एखाद्या दिवशी लहानशा धक्क्याने, कधी धक्क्याशिवायही, तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत सावकाश थंड करावी लागते. कारण न कळता फक्त ‘हळू थंड कर’ एवढेच पाठ केलेला कारागीर जाड बरणीलाही पातळ पेल्याइतकाच वेळ देईल आणि माल फुटेल. कारण कळलेला कारागीर जाडी पाहून वेळ ठरवील.

अलीकडचा आणि शाळेला जवळचा प्रयोग शिरूर तालुक्यातल्या पाबळचा. अन्नतंत्रज्ञानातले संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकायचे, असा ‘मूलभूत तंत्रज्ञाना’चा अभ्यासक्रम त्यांनी बसवला. त्यात चार विभाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. १९८७ मध्ये माध्यमिक शालान्त मंडळाने त्याला मान्यता दिली. यातल्या दोन गोष्टी शिक्षकांनी नीट पाहाव्यात. मुली वेल्डिंग करत आणि मुलगे स्वयंपाकघरातले विज्ञान शिकत. विभाग मुलगा-मुलगी पाहून वाटले नव्हते. शिवाय मुलांनी केलेली वस्तू गावात खरोखर वापरली जाई. मार्कांसाठी केलेली खुर्ची डगमगली तर कोणाचे बिघडत नाही. शेजारच्या आजी ज्या खुर्चीवर बसणार, ती डगमगून चालत नाही.

शाळेत कार्यशाळा नसेल तर? तरीही तीन गोष्टी करता येतील.

एक, वर्गातल्या दहा जणांना एकाच पेन्सिलीची जाडी व्हर्निअरने मोजू द्या आणि सगळी मापे फळ्यावर लिहा. ती सारखी येणार नाहीत. ‘बरोबर कोणाचे?’ या प्रश्नावरून सरासरी आणि त्रुटी यांवर जी चर्चा होईल, ती कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगली.

दोन, एका गटाने पुठ्ठ्याच्या झाकणबंद पेटीचे मापांसह रेखाचित्र काढावे. दुसऱ्या गटाने एक शब्दही न विचारता केवळ चित्रावरून ती पेटी करावी. झाकण बसले नाही, की पुठ्ठ्याची जाडी हिशेबात धरायची असते हे मुलांना आपोआप उमगते.

तीन, सायकलचे पुढचे-मागचे दाते मोजून एका पायडलमागे मागचे चाक किती फिरेल ते आधी कागदावर काढावे, मग सायकल उलटी करून पडताळावे.

शेवटी दोन सूचना. कारखान्यात मुलांना पाहायला न्यावे, कामाला लावू नये. शिकण्याच्या नावाखाली स्वस्त मजुरी होत असेल तर ती उमेदवारी नव्हे. आणि हे शिक्षण ‘ढ’ मुलांसाठी वेगळे काढून ठेवू नये. तसे केले की ते कोणालाच नको होते, आणि हातांना काम न मिळाल्याने हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांचेही नुकसान होते. दहावीनंतर इंजिनिअर होणारी मुलगी आणि फिटर होणारा मुलगा या दोघांनाही ते ०.०२४ मिलिमीटर कळायला हवे आहेत. ते कोणत्या वर्गात कळावेत, हे मात्र आपण शिक्षकांनीच ठरवायचे आहे.